माघातली एकादशी आणि कागदावरची तारीख

त्या फाल्गुनात देवाशी माझं बोलणं बंद होतं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला मीच. आबा, म्हणजे माझे वडील, भेटेल त्याला सांगत, "माज्या पोराला इंग्रजी कागुद वाचता येतो." आणि त्याच आबांची चार पिढ्या कसलेली भातजमीन एका मराठी कागदापायी चालली होती. ज्या देवळात त्यांनी उभा जन्म टाळ कुटले, त्याच देवळात त्यांच्या गळ्याला फास लागला होता. मग बोलायचं तरी काय देवाशी?

कुळकायदा आला तेव्हा कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याला मिळणार म्हणून कर्जत-खालापूरच्या आमच्या भातपट्ट्यात लोकांनी नारळ फोडले. पण कायद्यात एक फट होती. कुळानं आपखुशीनं जमीन सोडल्याचा राजीनामा लिहून दिला आणि अधिकाऱ्यासमोर उभं राहून तो कबूल केला, तर जमीन मालकाकडे परत जाई. आपखुशीनं! हा शब्द ज्यानं लिहिला, तो भात लावताना आवणाच्या चिखलात एक दिवस तरी वाकला होता का, हे मला विचारायचं आहे.

दर माघात आमच्या विठोबाच्या देवळात नामसप्ताह बसे. सात दिवस अखंड भजन चाले आणि तेवढे दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून काढायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. कोणी कधी उभं राहायचं, ते पहारे ठरलेले असत. त्या वर्षी जमीनमालकाचा कारभारी पहाऱ्यांची यादी घेऊन स्वतः देवळात बसला. "या, पहारा लिहिलाय, अंगठा द्या," म्हणाला. यादीला अंगठा याआधी कधी लागला नव्हता. पण देवाच्या दारात, देवाच्या नावानं मागितलेला अंगठा नाही कोण म्हणणार? आबांनी शाई लावण्याआधी हात धुतले, आणि अंगठा उठवल्यावर तो कागद कपाळाला लावला. तो कागद यादीचा नव्हता, राजीनाम्याचा होता. चोरी पुष्कळ लोक करतात. चोरीच्या कागदाला नमस्कार करवून घ्यायला मात्र वेगळीच छाती लागते.

राजीनाम्याला हरकत असल्यास कळवा, अशी कचेरीची नोटीस आली तेव्हा मी जवळच्या गावी मास्तर होतो. रजा काढून आलो आणि राजीनाम्याची नक्कल मिळवली. "लिहून देणार समक्ष हजर, मजकूर वाचून दाखवला, कबूल." त्याखाली तारीख, आणि आबांचा अंगठा.

"आंगठा माजाच हाय," आबा म्हणाले. "पन मी कचेरीत गेलोच नाय."

"या तारखेला कुठं होता तुम्ही?"

"तारखंचं मला काय इचारतोस रं?"

मी चिडलो. आज त्याची लाज वाटते. "न वाचता अंगठा दिलाच कसा?" असं मी बापावर ओरडलो. आबा शांतपणे म्हणाले, "मला वाचाया येत असतं तर तुला कशाला शिकिवला असता?"

कचेरीतला कारकून तर हसलाच. "मास्तर, सगळी कुळं हेच म्हणतात. अंगठा देताना शहाणी असतात, नंतर खुळी होतात." त्याच यादीच्या नावाखाली गावातल्या आणखी दोघांचे अंगठे घेतले होते. घरात वाचणारं कोणी नाही म्हणून त्यांनी नोटीस देव्हाऱ्यात ठेवून तिला कुंकू वाहिलं होतं. सरकारी कागद, लक्ष्मीच ती! हरकत घ्यायची त्यांची मुदत कुंकवाखालीच संपली.

आमची सुनावणी जेवणानंतर होती. अंगठा खरा, म्हणजे खटला गेलाच, असं धरून मी आबांना आणि सोबत आलेल्या गावच्या धोंडूकाकांना चिंचेखाली बसवलं आणि कचेरीमागच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसलो. दर्शनाला नाही, सावलीला. मूर्तीकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिथं डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी बसली होती. मला न्याहाळून म्हणाली, "ए दादा, शिकल्यावानी दिसतूस. येवढी तारीख काडून दे रं."

"कसली तारीख?"

"म्हातारा गेला माजा. त्याची नोंद कराया आले तर सायेब म्हनतो, तारीख सांग. दोनदा हाकलली मला. तारीख कोनी बगितली? माघातली चांदन्याची एकादस हुती ना, तिच्या आदल्या दिशी गेला."

मनात म्हटलं, माझंच घर जळतंय, तुझं काय घेऊन बसू? पण तिच्या तोंडाकडे बघून उठलो. पुजाऱ्याचं पंचांग खुंटीला लटकत होतं. माघ काढला, शुद्ध एकादशीवर बोट ठेवलं, शेजारची तारीख वाचली, आणि बोट तिथून हलेना. राजीनाम्यावरची तारीख तीच होती.

एकादशीचा पहारा आबांचा. आजोबांपासूनचा तो मान होता. उजाडताना वीणा गळ्यात घ्यायची ती दिवेलागणीला उतरवायची, दिवसभर पोटात पाण्याखेरीज काही नाही. सारा गाव त्या दिवशी देवळात असतो. म्हणून तर मालकानं तो दिवस साधला, दुसराच कोणी आबा म्हणून अधिकाऱ्यापुढे उभा केला. आबांना तिथी पाठ होती, मला तारीख पाठ होती, आणि बापलेकांनी एकाच दिवसाबद्दल महिनाभर डोकी फोडली होती. पंचांग उघडून पाहायचं बी.ए. झालेल्या मला सुचलं नव्हतं.

म्हातारीला तिची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. ती काही एकाएकी अदृश्य झाली नाही. चिठ्ठी पदराला बांधून ती पुन्हा रांगेत उभी राहायला गेली, कारण तिची कचेरी अजून संपली नव्हती.

सुनावणीला साहेबांनी पंचांग पाहिलं आणि साक्षीदार विचारला. आबांकडून वीणा घेतली होती धोंडूकाकांनी. तेही याच मालकाचं कूळ, राहतं झोपडंही मालकाच्या जागेत. कारभारी शेजारून पुटपुटला, "धोंडू, घराचा विचार करून बोल हां." काकांनी मुंडासं काढून काखेत धरलं. त्या एका जिभेवर आमची जमीन टांगली होती.

"सायेब," काका म्हणाले, "दिवं लागल्यावर ह्याच्या गळ्यातनं ईना मी घेतली. तवर ह्यो जागचा हालला नाय. घराचं मंग बगू, पन ईनेवरनं खोटं बोललो तर तोंडात भजन राहील का?"

राजीनामा रद्द झाला.

निकालाची नक्कल घेताना कारकुनानं शाईची डबी पुढे सरकवली. आबांनी हात मागे घेतला. "आदी वाच रं," मला म्हणाले.

"अहो म्हातारबा, तुमच्याच बाजूनं आहे. लावा की अंगठा."

"आसंल. पन वाच."

मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं. आबा पोथी ऐकावी तसे मान खाली घालून ऐकत होते. ओसरीवरची माणसं जवळ सरकली. वाचून संपल्यावर एकानं मुंडाशातून घडी काढली, "मास्तर, ह्ये बी बगा जरा." त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे एक बाई, तिच्या नोटिशीवर हळदीचे डाग.

त्या म्हातारीला देवानं धाडलं की नाही, यावर मी वाद घालत नाही. मी मारुतीला पाठ करून बसलो होतो, तरी मला दिसायचं ते दिसलं, एवढं खरं. त्याबद्दल मी जन्माचा ऋणी आहे. पण संतापही तेवढाच खरा. माणसांना अक्षरापासून दूर ठेवायचं, आणि मग त्यांच्या भक्तीवर शाई लावायची, हे पाप कुठल्या सप्ताहानं फिटणार? शरण जायचं ते देवाला. कागदाला नाही, कारभाऱ्याला तर नाहीच.

शेवटची गाडी निघून गेली. घडी केलेले कागद पुढे येतच होते. मला जायचं होतं, रजा संपली होती, घसा बसला होता. आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारी बसले, आणि मी कचेरीची पायरी सोडली नाही.