सम्राटाचं तोंड धुतलं

ज्याला तुम्ही आयुष्यात कधी पाहिलं नाही, त्याचा चेहरा खिशात घेऊन का फिरता? माझे वडील चळवळीची पत्रकं छापायचे. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले, त्यामुळे असे प्रश्न मला लहानपणापासून पडतात.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमागे तोक्योला आले. ओजिमा या वस्तीत घर, आणि एका वृद्ध नाणेविक्रेत्याकडे बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम. त्या देशात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं.

दुकानात दुपारचं ऊन दुधी काचेतून गाळून यायचं. रोमन चांदीची नाणी मखमलीवर मांडली की वाटायचं, पाण्याखालून माणसं वर बघताहेत. पानांचा मुकुट, ताठ मान, कडेनं पदव्यांची रांग. हीसुद्धा पत्रकंच, फक्त सरकारी, असं मनात म्हणायचे. आणि तरी तासन् तास बघत बसायचे.

त्यातलं एक फारच काळवंडलं होतं. दिवाळी तोंडावर आलेली. आई चांदीचे देव दंतमंजनाने घासायची, तसाच माझा हात चालू लागला. मालक जेवून परतले तेव्हा सम्राट चंद्रासारखा लखलखत होता.

त्यांनी नाणं उलटं केलं. मग माझ्या हातात भिंग दिलं.

"ओकुसान," लग्न झालेल्या बाईला तिकडे असंच म्हणतात, "मागच्या बाजूला कोण होतं?"

गुडघे टेकलेला, हात बांधलेला एक कैदी होता, तांदळाच्या दाण्याएवढा. आता तिथं नुसती चकाकी.

"खाचांत काळं साचलं होतं, म्हणून तो दिसायचा," ते म्हणाले. "सम्राटाला इतकी निष्ठावंत नोकर गेल्या कित्येक शतकांत मिळाली नसेल."

"उद्यापासून येऊ नको ना?" मी कसंबसं विचारलं.

"या. नाण्यांच्या चिठ्ठ्या आता तुम्ही लिहा. मी आजवर फक्त सम्राटाचं नाव लिहीत आलो."

घरी नवरा पोट धरून हसला. "क्रांतिकारक बाई, राजाचं तोंड धुऊन आलात!"

मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं: बांधलेला माणूस, नाव माहीत नाही. त्याखाली, बारीक अक्षरात, सम्राट.

जुनं नाणं हाती आलं तर ते घासू नका. उलटं करून उजेडात धरा, पायाशी कुणाला बसवलंय ते शोधा, आणि आधी त्याच्याबद्दल लिहा.