आवाज नको असलेली नळी

सेनगावच्या त्या लेथवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कसलंही काम न्या, तो आधी विचारणार, "हे कशाला लागतं?" उत्तर खडूनं लोखंडावर लिहिणार आणि मगच मशीन चालू करणार. या चौकशीचा मला वैताग यायचा.

गेल्या हिवाळ्यात मी मोटरीचा शाफ्ट घेऊन बसलो होतो; मशीनवर दुसऱ्याचं काम चालू होतं. तेवढ्यात आमच्या गावचा एक बडा माणूस आला. त्याला छोट्या बोरच्या रायफलीच्या तोंडाला बसेल अशी नळी करून हवी होती, बार उडाला तरी आवाज होऊ नये म्हणून.

"कशाला लागते?"

"तुरीत डुकरं येऊन राहिली."

लेथवाल्यानं खडू खिशात घातला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"डुकरं हाकलायला आमी डबे बडवतो, फटाके फोडतो. तिथं आवाजच पाहिजे, मालक! आवाज नको असतो तो माणूस मारताना. न्हाई करत मी. निघा!"

बडा माणूस हसला. जाताना मला म्हणाला, "येतो का रे गावाला?" मी मान हलवून नाही म्हणालो.

तो गेल्यावर लेथवाल्यानं मला विचारलं, "त्याचं कोणाशी वाकडं हाय?"

त्याचं बांधाचं भांडण साऱ्या गावाला ठाऊक होतं. ते ज्याच्याशी होतं तो शेतकरी कोण, तेही.

"मला काय माहीत," मी म्हणालो.

आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. लेथवाला माझ्यावर ओरडला नाही. त्यानं माझा शाफ्ट उचलला, खडू न टेकवता माझ्या मांडीवर ठेवला आणि मशीन बंद केलं.