शब्दांचं गाऱ्हाणं

पालीच्या अलीकडे डोंगराला टेकून एक वाडी आहे. तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान काशीराम गुरवांचा. गावाच्या वतीनं देवापुढे उभं राहायचं, ग्रामदेवतेपासून वेशीवरच्या राखणदारापर्यंत एकेकाचं नाव घेऊन मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला मागच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काशीरामांचा आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक. पण नावांचा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही. चुकलाच, तर वडिलांनी घालून दिलेला नियम होता. मधून उचलायचं नाही, परत पहिल्यापासून.

त्यांची धाकटी मुलगी वेदिका हे ऐकतच मोठी झाली. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही, तरी तिला ते सगळं येत होतं. बी. कॉम. झाल्यापासून ती बँकेच्या कारकुनीची परीक्षा देत होती. गणितात पक्की, बुडायची ती इंग्रजीत. असं करता करता यंदाची परीक्षा तिच्या वयात बसणारी शेवटची ठरली. घरात बोलणं होऊन गेलं होतं. झाली तर बँकेत, नाही तर काजूच्या कारखान्यात, आणि येईल त्या स्थळाला होकार.

रत्नागिरीच्या क्लासमधल्या समर्थ सरांनी सांगितलं, "तुझी शब्दसंपत्ती कमी पडते. अवघड शब्द अर्थासकट पाठ कर."

पाठ करणं म्हणजे काय, हे वेदिकाला एकाच तऱ्हेनं माहीत होतं. दिवेलागणीला ती पडवीत बसायची आणि वडिलांच्याच चालीवर सुरू करायची.

"बेनेव्होलंट म्हणजे दयाळू, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," काशीराम म्हणायचे.

"फ्रुगल म्हणजे काटकसरी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा. ही तुझी आयस."

"गप ऱ्हावा हो," आतून यमुनाबाई ओरडायच्या. "बापलेक मिळून देवाला इंग्रजी शिकवताव काय? तो बिचारा आधीच ऐकत नाय, आता तर समजायचंपण नाय त्याला."

काशीरामांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण चाल कुठे लटपटली की त्यांना लगेच कळायचं. "थांब. एक नाव ऱ्हायला. परत घे पयल्यापासून." वेदिका परत घ्यायची. उन्हाळा संपेपर्यंत शेकडो शब्द तिला बिनचूक येऊ लागले. एवढे शब्द क्लासमध्ये कुणालाच येत नव्हते. काशीराम शेजारीपाजारी सांगत सुटले, "आमची वेदी आता साहेबाला पाणी पाजील."

मग एका दुपारी समर्थ सरांनी सहज विचारलं, "वेदिका, ऑब्ड्युरेट?"

वेदिकानं डोळे मिटले. ओठ भराभर हलू लागले.

"अगं, एकच शब्द विचारलाय. काय पुटपुटतेस?"

"येते, सर. तिथपर्यंत येतेच आहे."

वर्ग हसला. शेवटी ती तिथपर्यंत पोचली. "हट्टी! म्हणजे कुणाचं न ऐकणारा." उत्तर बरोबर होतं. सर मात्र हसले नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं. "संगणकापुढे इतका वेळ मिळत नाही गं. शब्द सुटे करायला हवेत."

शब्द सुटे करायला तिनं चिठ्ठ्या केल्या, सुपात पसरल्या. एक उचलायची, वाचायची, की मनात कुणीतरी "बेनेव्होलंट"पासून चालू लागायचं. मग काशीरामांनीच तिला विचारून पाहिलं. ऐकून ऐकून यादी त्यांनाही पाठ झाली होती, पण मधला एखादा शब्द त्यांनाही तसा सापडेना. तेही पहिल्यापासून म्हणत तिथवर यायचे, आणि आले की थांबणं विसरून पुढे जायचे.

"माझंच चुकलं गो," काशीराम म्हणाले. "मी तुला गाऱ्हाण्यासारखं शिकवलं."

"तुम्ही कुठे शिकवलंत, बाबा? मला दुसरं येतच नव्हतं."

एका संध्याकाळी मात्र तीन चिठ्ठ्या लागोपाठ आपसूक आल्या. चाल नाही, काही नाही. तिनं आईला हाक मारून सांगितलं. यमुनाबाईंनी त्या दिवशी तांदळाची खीर केली. दुसऱ्या संध्याकाळी एकही चिठ्ठी तशी आली नाही.

परीक्षेला काशीराम सोबत गेले. फाटकाबाहेर एका पायरीवर धोतर सावरून बसून राहिले. आत वेदिकासमोर पडदा उजळला. इंग्रजीच्या भागाला वेगळा वेळ होता आणि कोपऱ्यात आकडे उतरत होते. पहिल्याच प्रश्नात "कँडिड" होता. तिला तो येत होता, यादीत पुष्कळ खाली. ती पहिल्यापासून निघाली. वाटेत तिनं स्वतःला दोनदा दटावलं, मधूनच उडी मारून पाहिली, तर अख्खी चालच विस्कटली आणि पुन्हा आरंभ करावा लागला. "मोकळेपणानं बोलणारा" हाताशी लागला, तिनं खूण केली. पुढच्या शब्दासाठी पुन्हा तीच वाट. तिसऱ्या शब्दाच्या अर्ध्यावर असताना पडदा आपोआप बदलला आणि गणित आलं. गणित तिनं सगळं सोडवलं. इंग्रजीत वेगळं पास झाल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही, हे तिला सोडवतानाच ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर काशीराम उठले. "सगळं म्हणून झालं?"

"अर्ध्यावर राहिलं."

"मग घे परत—" म्हणता म्हणता ते थांबले. तिच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली. पालीपर्यंत एसटीत ती मांडीवर घेऊन बसले.

निकाल लागला. समर्थ सरांचा फोन आला. "दुसऱ्याही परीक्षा असतात, वेदिका."

"इंग्रजी सगळ्यांनाच असतं ना, सर?"

"असतं."

"मग राहू दे."

पुढच्या सोमवारी ती कारखान्यात गेली. दारात, तिथंच कामाला असलेल्या वाडीतल्या गोदूबाईंनी अडवलं. "तू बँकेत जाणार होतीस ना गो?"

"नाही जमलं, काकू."

"बस मग माझ्या बाजूक. आधी बोटांना तेल लाव. टरफलाचा चीक लागला तर बोटांची सालं निघतील."

वेदिकानं वाटीत बोटं बुडवली आणि पहिला काजू उचलला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिची नखं काळी पडली होती. गोदूबाई तिच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "आता नाय निघायचं ते." आणि डबा उघडून बसल्या.