भागरथाची गुंडी

सोहोनीसाहेब कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे बघायचे नाहीत, आधी भांड्यांच्या फळीकडे बघायचे. घरधनी बिचारा पाणी घेऊन उभा, आणि हे त्याच्या हातातला गडू उजेडात फिरवून बघताहेत! गडचिरोली जिल्हा नवानवा झाला तेव्हा बदलीवर आलेले हे साहेब. मी त्यांच्या कचेरीत कारकून. मला फोटो धुता येतात हे त्यांना कळलं, आणि कचेरी सुटली की त्यांच्या न्हाणीघरात लाल दिव्याखाली माझी दुसरी ड्युटी सुरू झाली. साहेब वारल्याचं परवा कळलं. खोटं कशाला बोलू, मी हळहळलो नाही.

"इथे वस्तू सुंदर आहेत हो, माणसं मध्ये येतात," असं ते नेहमी म्हणायचे. म्हणून कुणाचं सूप, कुणाचं मासे धरायचं जाळं मागून आणायचं, मागे काळा पडदा लावायचा आणि फोटो काढायचा. वस्तू परत करायची आठवण मात्र मी ठेवायची. नुसता नाकाने कांदे सोलणारा माणूस!

चंद्रपूरला त्यांचं प्रदर्शन ठरलं आणि त्यांची नजर माझ्या आईच्या पाण्याच्या पितळी गुंडीवर गेली. आमच्याकडे घर, धानाची बांधी, रेशनकार्ड, सगळं बाबांच्या नावावर. रोवणीच्या मजुरीतून आईने ही एकच वस्तू स्वतःसाठी घेतली आणि बर्तनवाल्याकडून तिच्यावर नाव ठोकून घेतलं : भागरथा. तिला वाचता येत नव्हतं, पण ती चार अक्षरं ती बोटाने ओळखायची.

"फोटोत माहं नाव दिसन ना रे?" गुंडी देताना तिने विचारलं.

"दिसन," मी म्हटलं.

फोटो झकास निघाला. गुंडी, शेजारी तीन सीताफळं, आणि नावाचे ठिपके लखलखीत. साहेबांनी नाक मुरडलं.

"हे घालव. चित्रात अक्षर आलं की दुकानाची पाटी होते."

"साहेब, आईचं नाव आहे ते."

"असेल. बघणाऱ्याला तुझ्या आईशी काय करायचंय?"

तेव्हाच ब्रश त्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता. पण माझी नोकरी कायम व्हायची होती आणि शेरा त्यांच्या हातात. दोन संध्याकाळी बसून, बारीक ब्रशने, पातळ शाईने एकेक ठिपका बुजवला. साहेबांनी भिंग लावून बघितलं आणि "वा!" म्हणाले. माझा नालायकपणा असा की त्या 'वा'ने मला बरं वाटलं. मग प्रिंट पांढऱ्या पुठ्ठ्यावर चढवली, भोवती चार बोटं जागा सोडली आणि त्या जागेत साहेबांनी पेन्सिलीने लफ्फेदार सही ठोकली. माझ्या आईचं नाव म्हणजे डाग, आणि यांचं नाव म्हणजे कला!

प्रदर्शनाला आई धुवट पांढरं लुगडं नेसून एस.टी.ने आली. फ्रेमच्या काचेवरून बोट फिरवत राहिली. ओळखीच्या जागी काहीच नव्हतं. मग तिला खालची सही दिसली.

"काऊन रे, नाव खाली लिहलं का? माहंच होय ना?"

साहेब शेजारीच उभे होते. मी "हो" म्हटलं.

आईने त्यांना हात जोडले. "लय मोठं नाव लिहलं जी माहं."

आमच्या बोलीकडे साहेबांनी कधी कान दिलाच नव्हता. "आवडलं वाटतं बाईंना?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांनाही "हो" म्हटलं.