चिंधी बांधलेलं गिलकं

धुळ्यातल्या आमच्या घरामागे, पाण्याच्या टाकीशेजारी थोडी मोकळी जागा आहे. तिथे मी गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल लावला आणि दोन-तीन महिन्यांत गल्लीतला दानशूर झालो. भाजी झाली, भजी झाली, चटणी झाली, थालीपिठातही गिलकी किसून झाली. शेवटी बायको म्हणाली, "उद्या ताटात गिलकं दिसलं तर मी माहेरी जाईन." मग मी पिशव्या भरभरून वाटत सुटलो. "काय हात आहे हो तुमचा!" असं लोक म्हणायचे आणि मी लाजल्यासारखं करायचो.

हात कसला डोंबलाचा! बी अक्काचं होतं. अक्का म्हणजे भडगावला दिलेली माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिच्या परसातलं गिलक्याचं बी अक्कानं नेलं आणि दरवर्षी लावून जगवलं. बुटकं, जाडं गिलकं, फोडणीत पडलं की घरभर वास. त्या वर्षी घर नव्यानं बांधायला काढलं म्हणून अक्काचं अंगण तेवढ्यापुरतं गेलं. तिनं होतं नव्हतं तेवढं बी पुरचुंडीत बांधून माझ्या हातात दिलं.

"बठ्ठं बी तुलेच दिधं, भाऊ. एक गिलकं पिकू दे, चिंधी बांध त्याले. भाऊबीजले माले साडी नको, मायनं बी आन."

आईचं बी धरायला मी सगळ्यात चांगलं गिलकं हेरलं आणि त्याला लाल चिंधी बांधली. चिंधी बांधलेल्या फळाला कुणी हात लावत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

दिवाळी जवळ आली तसं मला नवीन सुचलं. वेलावर वाळलेल्या गिलक्यांची सालं काढून आतल्या जाळीच्या घासण्या करायच्या आणि अभ्यंगस्नानासाठी ऑफिसात वाटायच्या. जाळी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून ब्लिचिंग पावडरची बादली केली. चिंधीवालं होतंच, म्हणून बाकीच्यांच्या बिया त्या पाण्याबरोबर खुशाल मोरीत सोडल्या. सहा घासण्या झाल्या. माणसं सात होती, आणि सातवे आमचे साहेब. वाळलेलं गिलकं एकच उरलं होतं.

मी चिंधी सोडली. बिया आधी काढून ठेवायच्या, हे डोक्यात होतं. पण हात सवयीनं चालले. गिलकं सोललं, बादलीत बुडवलं, साहेब काय म्हणतील याचा विचार करत खळखळून धुतलं आणि पाणी ओतून दिलं. मग मोरीच्या जाळीत बोटं घालून बसलो. तीन बिया मिळाल्या. कुंडीत लावल्या, पण एकही उगवली नाही.

त्या घासणीनं साहेबांनी गाडी धुतली, असं पुढे कळलं.

अक्काला सांगता आलं असतं. ती चिडली असती, रडली असती, मग जेवायला वाढलं असतं. पण मला लाज वाटली. बाजारातून गिलक्याचं बी आणलं. पाकिटातल्या बियांना औषधाचा रंग असतो, म्हणून बिनरंगी बघून घेतलं. एवढी अक्कल मात्र तेव्हा बरोबर चालली. भाऊबीजेला रुमालात बांधून तिच्या ताटात ठेवलं. अक्कानं ती गाठ कपाळाला लावली. माझ्यानं वर बघवेना.

पुढच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. गिलकी लांबुडकी, काळपट आली होती. वासच नव्हता.

"मायना गिलका आसा नही व्हतात रे. मन्ही मातीमा शिमिट शे ना, म्हनीसन बिघडनं."

मी "हं" म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वतःची भयंकर किळस आली.

यंदाच्या भाऊबीजेला सगळं सांगायचंच, असं ठरवून निघालो. धुळ्यापासून एसटीत तेच वाक्य घोळवत होतो. अक्का अंगणात होती. घर बांधताना सिमेंट पडलेली सगळी माती तिनं पाट्यांनी उपसून काढली होती, नदीकाठची गाळाची माती आणून भरली होती, वेलासाठी काठ्याही रोवल्या होत्या. साठीच्या पुढची बाई, हातांना घट्टे पडले होते.

"आते माती चांगली शे," ती म्हणाली. "मन्हाकडनं बी बिघडनं. तुन्हाकडे मायनं असंल ना थोडं? पुढला सालले आनशी?"

घोळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं.

"आणतो," मी म्हणालो.

ती हसली आणि निरांजन पेटवायला आत गेली.