रंगवाल्याच्या किडन्या

रंग जुळवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, आणि ते सांगण्यात त्याचं तोंड. पडद्याची चिंधी आणा की जुन्या फाटकाचा टवका, तो डोळे बारीक करून बघायचा, बादलीत रंग ढवळायचा आणि तंतोतंत तोच रंग काढून द्यायचा. रंगाच्या दुकानात सगळे त्याला रंगवाला म्हणत.

त्याला एचआयव्ही आहे हे लग्नाआधीच कळलं होतं. बायकोने होकार देण्याआधी डॉक्टरीणबाईंना इतके प्रश्न विचारले की शेवटी बाईंनीच पाणी मागवलं. मग रोज एक गोळी, आणि व्हायरस तपासणीतही सापडेना. आता आपल्याला कोण हात लावतो, अशा थाटात रंगवाला वावरायचा.

आणि नेहमीच्या तपासणीत किडन्यांचं काम घसरलेलं निघालं.

"लघवीतून प्रथिनं जातायत, बीपीही वाढलंय. तुमच्या किडन्या कुरकुरतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुरकुरते ती माझी कंबर. किडनीचं काही ऐकू आलं नाही."

"किडनी बोलत नाही, हीच तर पंचाईत. कंबरेला काय घेता?"

त्याने खिशातून वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं काढली. या खिशातून, त्या खिशातून, मोज्यातूनही एक. बाईंनी कपाळाला हात लावला. "या आजपासून बंद! एचआयव्हीची गोळीही किडनीला जड जात असेल, ती कदाचित बदलू. पण मनाने एकही दिवस चुकवायची नाही. आधी दिवस-रात्रीची सगळी लघवी या कॅनमध्ये साठवून आणा."

"रजा घे," बायको म्हणाली.

"मी नसलो तर दुकान बंद पडेल," असं म्हणून हा पठ्ठ्या कॅन पिशवीत घालून दुकानात गेला आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी, थिनरच्या डब्यांच्या रांगेत ठेवून आला.

दुपारी निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. दिवाणखान्याला पिवळा रंग हवा म्हणून त्या आठवडाभर खेपा घालत होत्या. एक पिवळा त्यांना आजारी वाटे, दुसरा भांडखोर. रंगवाला आणखी एक डबा आणायला मागे गेला, तशा बाईही त्याच्यामागून आत शिरल्या आणि खिडकीपाशी थबकल्या. कॅनमधून ऊन आरपार येत होतं.

"हाच! अगदी हाच!"

रंगवाला घाईने पुढे झाला. "तो... विकायचा नाहीये."

"का? कुणी सांगून ठेवलाय?"

"डॉक्टरांनी."

आवाज ऐकून मालक आले. "गिऱ्हाइकाला नाही म्हणतोस? उघड तो कॅन, ब्रश बुडव, भिंतीवर मारून दाखव बाईंना!" आणि त्यांनी स्वतःच झाकणाला हात घातला.

रंगवाल्याने झडप घालून कॅन लेकरासारखा छातीशी धरला. "मालक, ही माझी लघवी आहे!"

मालक हात पुढे धरून मोरीकडे पळाले आणि कोपरापर्यंत थिनरने धुऊन आले. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"रंग मात्र चांगलाच आहे," त्या म्हणाल्या.

किडनीची तपासणी आहे आणि कंबरेच्या गोळ्या बंद झाल्यात, एवढंच त्याने सांगितलं. एचआयव्हीचं त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि त्याने गिळून टाकलं. मालकांनी शिव्या घालतच विटा मागवल्या आणि त्याचं रंग ढवळायचं टेबल कंबरेइतकं उंच करून दिलं. त्याने निम्मी कंबर बरी झाली. आणि पिवळा? तो रंगवाल्याने नजरेने टिपून जुळवून दिला. मुख्याध्यापिकांनी नवरा-बायकोला दिवाणखाना बघायला चहाला बोलावलं, तेव्हा बायकोने सगळा वेळ कपाकडेच बघितलं. भिंतीकडे बघितलं की तिला हसू फुटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी एचआयव्हीची गोळी बदलून किडनीला सोसेल अशी दिली आणि बीपीची एक वाढवली. काही महिन्यांनी घसरण थांबली. "पहिल्यासारख्या होतील असं नाही," त्या म्हणाल्या, "पण सांभाळल्यात तर खूप वर्षं साथ देतील."

"माझ्या किडन्या टिकाऊ आहेत!" त्याने घरी येऊन जाहीर केलं.

"वॉरंटी दिली का?"

"तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग आहे."

मग एकदा त्याचं डोकं ठणकायला लागलं. जुन्या सवयीने तो औषधाच्या दुकानात गेला. रांग होती, आणि औषधवाला कानाने जड.

"मला एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, किडन्या नाजूक आहेत," तो पुटपुटला. "डोकेदुखीला काय चालेल?"

"काय चालू आहे?"

रंगवाल्याने एकदा मागे बघितलं, छातीभर श्वास घेतला आणि ओरडला, "एचआयव्हीच्या गोळ्या! आणि किडन्या नाजूक!"

आता आभाळ कोसळणार म्हणून त्याने खांदे आवळून घेतले.

"काका, आटपा ना जरा," मागचा माणूस म्हणाला. "मला कधीचा खोकला झालाय."

औषधवाल्याने पॅरासिटामॉलचं पाकीट पुढे सरकवलं, जास्त घ्यायच्या नाहीत असं दोनदा बजावलं, आणि खोकलेवाल्याकडे वळला.