दोन काटा

भिंतीवर काही नवं लिहिलेलं दिसलं की आमचे पेंटर तात्या ते वाचायच्या आधी त्यावर अंगठा टेकवायचे. अंगठ्याला रंग लागला तर लिहिणारा अजून फार लांब गेलेला नाही, हे त्यांचं पहिलं शास्त्र.

इंदापुरात माझ्या स्टेशनरीच्या दुकानासमोर त्यांचा गाळा. नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं आणि माझ्याकडे चहाला येणं वाढलं. माझं दुकान मोरीएवढं, तरी मला ‘शेठ’ म्हणायचे.

तुमच्याही गावात अशा भिंती असतील. कुठल्या तरी ग्रुपचं नाव, वर मुकुट, खाली ३०२. आपण बघतो आणि पोरं वाया गेली म्हणत पुढे जातो. तात्या थांबायचे. “खुनाचं कलम सरकारनं बदाललं, शेठ. ह्यांचा आकडा जुनाच हाय,” म्हणून स्वतःच हसायचे. मग हळूच शिकवायचे, “नाव वाचू नगा, नावावर मारल्याली काट बगा. एक काट म्हंजी गप ऱ्हा. दोन काटा म्हंजी ठरलं.”

मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

एका सकाळी माझ्याच शटरवर माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. स्टँडवरच्या मारामारीबद्दल त्याने पोलिसांना जबाब दिला होता. नाव लाल रंगाने खोडलेलं. मी इतका घाबरलो की काट एक आहे की दोन, हेही मला कळेना. तात्यांनी अंगठा टेकवला.

“वला हाय. एकच काट हाय, शेठ. आजच्या आज त्याला कोऱ्हाळ्याला मामाकडं धाडा.”

“आणि हे पुसू का?”

“न्हाय. जो पुसंल त्यो आडवा आला, आसं धरत्यात ती पोरं.”

भावाला एसटीत बसवून परत आलो, तर भर बाजारात, लोक बघत असताना, तात्या माझं शटर रंगवत होते. सगळं निळं, त्यावर माझ्या दुकानाचं नाव, शेजारी हौसेनं काढलेली एक पेन्सिल.

“तात्या, तुम्हीच म्हणालात ना...”

“माझं कामच हाय ते. पेंटर हाय मी.”

पेन्सिल मात्र वाकडी आली.

पुढचे आठ दिवस ते नेहमीसारखे चहाला आले. “काय हुत न्हाय,” बशीत फुंकर मारत म्हणायचे. नवव्या दिवशी गाळा उघडला नाही. कळसला त्यांच्या घरी गेलो, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, “आमाला काय ठावं न्हाय,” आणि तिने दार लावून घेतलं.

परत येऊन गाळ्यापाशी थांबलो. बाहेरच्या भिंतीला एक जुनी पाटी उभी टेकवलेली होती. आठ दिवस मी ती समोरून बघत होतो. बाजूला सारली. मागे तात्यांचं नाव होतं आणि त्यावर दोन काटा. मी अंगठा टेकवला. रंग कधीचाच वाळलेला होता. हे पाटीमागे झाकून तात्या रोज माझ्याकडे चहा पीत होते.

भाऊ कोऱ्हाळ्यात सुखरूप आहे. तात्यांचा फोन लागत नाही. ते नाव पुसायला मी त्याच दिवशी रंगाचा डबा आणला होता. मला भीती वाटते, दुसरं कारण नाही. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी मी त्या वाकड्या पेन्सिलीवर अंगठा टेकवून बघतो आणि आत जातो. डबा काउंटरखाली आहे. त्याचं झाकण मी अजून उघडलेलं नाही.